जुन्या अस्थींवर संशोधन: परवानगी कोणाची आणि हाड किती कापायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते कळेल. एका ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन पन्नासेक वर्षांपूर्वी झाले. तिथले सांगाडे तुमच्या विभागाच्या भांडारात आहेत. पीएचडीसाठी त्यांतल्या ४० व्यक्तींचे डीएनए नमुने घ्यायचा तुमचा बेत आहे. एथिक्स कमिटीने ‘जिवंत सहभागी नाहीत, सबब आमच्या कक्षेत नाही’ असा शेरा मारून प्रस्ताव परत पाठवला. गाईड म्हणतात, मग आता अडलंय कुठे, सुरू करा. पण तुम्ही गावात गेलात तेव्हा काही जण म्हणाले की ती आमची माणसे आहेत, आम्हाला न विचारता त्यांची हाडे कशी फोडता? तर परवानगी नक्की कोणाची घ्यायची आणि मुळात हे करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मला यातली खरी अडचण परवानगीत कमी आणि त्या ४० या आकड्यात जास्त दिसते. मोजमाप चुकले तर पुन्हा घेता येते, फोटो पुन्हा काढता येतो. हाडाची पूड केली की ती जागा कायमची गेली; वीस वर्षांनी येणाऱ्या चांगल्या तंत्रासाठी ती उरत नाही. म्हणून या कामातली नैतिकता मी संमतिपत्रात शोधत नाही, नमुन्यांच्या यादीत शोधतो: कोणत्या प्रश्नासाठी, कोणाचे, कोणते हाड, किती मिलिग्रॅम, आणि काहीच हाती लागले नाही तर पुढे काय. ही यादी नीट झाली की कोणाला काय विचारायचे ते बरेचसे उलगडते.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. अस्थी कुठून आल्या त्यावर उत्तर बदलते. रीतसर परवान्याच्या उत्खननातून आलेले तीन हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे ही एक गोष्ट. ज्यांचे वंशज आज नावानिशी सापडू शकतात ती दुसरी. ब्रिटनच्या २००४ च्या मानवी ऊती कायद्याने ढोबळमानाने १०० वर्षांची रेघ ओढली आहे. त्याहून अलीकडच्या अवशेषांना संमती लागते. ही रेघ सोयीची आहे, पण तिला फार पवित्र मानू नका. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस कायद्याने ‘जुना’ झाला तरी त्याच्या पणतूच्या घरात त्याची गोष्ट अजून सांगितली जात असते. तिसरा प्रकार वसाहतकाळात गोळा केलेल्या अवशेषांचा. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने नागांच्या पूर्वजांचे अवशेष २०२० मध्ये प्रदर्शनातून काढले आणि आता ते परत आणण्याची बोलणी नागा समाजातलेच लोक करत आहेत. तिथे कोणी नवा डीएनए प्रकल्प घेऊन गेला तर पहिला प्रश्न ‘ही कवटी इथे आलीच कशी’ हाच असणार, आणि तो योग्यच आहे. तुमचा संग्रह पहिल्या प्रकारातला आहे असे धरून पुढचे लिहितो. गावाच्या हद्दीत पुढे कधी नवे दफन उघडे पडले आणि ते अलीकडचे असण्याची शंका आली (कापड, दातातले सिमेंट, खिळे), तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०१, म्हणजे पूर्वीचे भादंवि २९७, दफनभूमीतल्या ढवळाढवळीबद्दल आहे आणि ते संशोधकाला माफी देत नाही.

जाता जाता: तुलनेसाठी तुमच्या प्रयोगशाळेत एखादा टांगलेला सांगाडा असेल, तर त्याची नोंदही काढून पाहा. १९८५ मध्ये सरकारने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी आणेपर्यंत कोलकाता हे जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना हाडे पुरवणारे मोठे केंद्र होते. देशातल्या देशात विद्यार्थ्यांचे ‘बोन सेट’ सीनियरकडून ज्युनियरकडे जात राहिले. त्यांतल्या बहुतेकांची संमती कोणी घेतलेली नाही. राज्याच्या १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देता येतात; ते कायदेशीर आहे, पण बेवारस असणे म्हणजे होकार नव्हे. शरीररचनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वेच्छा देहदानाचाच आग्रह धरला तो याचसाठी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल आपण एवढा काथ्याकूट करतो आणि कोपऱ्यात टांगलेल्याचे नावही विचारत नाही, हे विचित्र आहे.

आता कमिटी. तिचा शेरा तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे मुख्यतः जिवंत सहभागींसाठी आणि त्यांच्यापासून घेतलेल्या जैविक नमुन्यांसाठी आहेत. पण ‘आमच्या कक्षेत नाही’ याचा अर्थ ‘हरकत नाही’ असा गाईडनी लावला, तिथे घसरण झाली. परत गेलेला कागद परवानगी म्हणून प्रबंधाला जोडू नका. चांगल्या नियतकालिकाचा परीक्षक तो लगेच पकडेल. त्याऐवजी विभागातच एक छोटी आढावा समिती करा: प्रकल्पाबाहेरचा एक अस्थितज्ज्ञ, भांडाराची जबाबदारी असलेली व्यक्ती, प्राचीन डीएनए कळणारा पण तुमच्या लेखात नाव नसलेला कोणी, आणि गावातली एक व्यक्ती. ‘प्रकल्पाबाहेरचा’ ही अट महत्त्वाची. ज्याला लेखात नाव मिळणार आहे तो नमुने कमी करायला सहसा सांगत नाही. समितीला पन्नास पानी प्रस्ताव देऊ नका. दोन पानी तक्ता द्या आणि प्रत्येक नमुन्यापुढे ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘आधी दुसरी चाचणी’ असे लिहून घ्या.

कायद्याची बाजू लवकर संपते, कारण अमेरिकेच्या १९९० च्या नॅगप्रासारखा मूलनिवासींच्या अवशेषांसाठीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तिथे तर जानेवारी २०२४ पासून संशोधनाआधी संबंधित जमातींची पूर्वसंमती नियमानेच सक्तीची झाली आहे. आपल्याकडे उत्खननाचा परवाना १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्याखाली मिळतो. उत्खननातली वस्तू विद्यापीठाच्या भांडारात असली म्हणजे ती विद्यापीठाची खासगी मालमत्ता झाली असे नाही, ती अभ्यासासाठी ताब्यात आहे. त्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचे पुरातत्त्व संचालनालय यांच्याशी लेखी पत्रव्यवहार करा. पत्रात मोघम ‘वैज्ञानिक विश्लेषणासाठी’ असे न लिहिता नोंदवही क्रमांक, हाडाचा भाग, पुडीचे वजन, प्रयोगशाळेचे नाव, उरलेली पूड आणि अर्क कधी परत येणार, ही माहिती द्या. नमुना परदेशी जाणार असेल तर परवानगी वेगळी आणि वेळही वेगळा. जमत असेल तर देशातच करा. लखनौची बिरबल साहनी संस्था आणि हैदराबादचे सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) इथे हे काम होते.

गावकऱ्यांचा मुद्दा याहून नाजूक आहे. त्यावर दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि मला दोन्ही पटत नाहीत.

एक उत्तर असे की तीन हजार वर्षांत इतकी स्थलांतरे झाली की आजच्या गावाचा त्या माणसांशी संबंध सिद्ध होत नाही, मग विचारायचे कशाला? वॉशिंग्टन राज्यात केनेविक इथे १९९६ मध्ये नदीकाठी सापडलेल्या सांगाड्याबाबत हेच झाले. तो सुमारे साडेआठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचा. स्थानिक जमाती ‘आमचा पूर्वज’ म्हणत होत्या. काही शास्त्रज्ञ कवटीच्या ठेवणीवरून तो त्यांच्यातला नाही असे म्हणत होते आणि २००४ मध्ये न्यायालयाचा कौल शास्त्रज्ञांच्या बाजूने गेला. २०१५ मध्ये डीएनए आला आणि तो आजच्या मूळ अमेरिकनांच्या जवळचा निघाला. २०१७ मध्ये जमातींनी त्याचे पुन्हा दफन केले. मधली वीस वर्षे अविश्वासात गेली. संबंध ‘सिद्ध नाही’ म्हणजे संबंध ‘नाही’ असे धरल्यामुळे हे घडले.

दुसरे उत्तर याच्या उलट: गावाने म्हटले म्हणजे वारस तेच, त्यांनी नाही म्हटले तर विषय संपला. इथे रूपकुंड आठवा. उत्तराखंडात सुमारे ५००० मीटरवरच्या त्या तळ्याकाठच्या सांगाड्यांबद्दल कितीतरी कथा होत्या. २०१९ मध्ये ३८ व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे आणि इसवी सन ८०० च्या आसपासचे, १४ जण पूर्व भूमध्य भागातल्या लोकांसारखे आणि जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे, तर एक आग्नेय आशियाई. अभ्यासाआधी वारस ठरवायला बसलो असतो तर त्या १४ जणांचे कोणाच्या ध्यानीमनीही आले नसते.

मग तुमच्या बाबतीत काय? माझे मत असे: ताम्रपाषाणयुगीन अवशेषांवर आजच्या कोणत्याही एका गटाला नकाराधिकार असू नये, कारण ते जितके त्या गावाचे तितकेच आणखी कितीतरी लोकांचे पूर्वज असू शकतात. पण ज्यांच्या जमिनीतून ते निघाले त्यांना या कामात खरा शब्द असावा. प्रदर्शन, छायाचित्रे, निष्कर्ष आधी कोणाला सांगायचे, उरलेले अवशेष कुठे राहायचे, यांवर गावाचे म्हणणे ऐकून त्याप्रमाणे बदल करायची तयारी ठेवा. आणि सगळे गाव एकमुखाने विरोधात असेल, तर हाड न कापता होणारे काम करा आणि थांबा. प्रबंधासाठी तेवढे पुरते. १९८९ च्या व्हर्मिलियन करारात जागतिक पुरातत्त्व परिषदेने मृतांचा मान, त्यांची इच्छा, स्थानिकांची इच्छा आणि संशोधनाचे मूल्य हे सगळे एकाच कागदावर ठेवून वाटाघाटीने मार्ग काढा म्हटले. मोघम आहे, पण दिशा बरोबर आहे.

शास्त्र आणि वंशज एकमेकांविरुद्धच उभे राहतात असेही नाही. केपटाउन विद्यापीठाच्या संग्रहात १९२० च्या दशकात सदरलँडजवळच्या शेतावरून अनैतिक मार्गाने आणलेले नऊ जणांचे अवशेष २०१७ मध्ये नोंदी तपासताना लक्षात आले. विद्यापीठाने कुटुंबे शोधली आणि पुढे काय करायचे ते त्यांना विचारले. त्यांनी दफन तर मागितलेच, पण त्याआधी अभ्यासही करा म्हणाले: कसे जगले, काय खाल्ले, चेहरे कसे होते. अभ्यास झाला, निकाल आधी कुटुंबांना सांगितला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दफन झाले. नमुने कमी पडले म्हणून कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

ग्रामसभेत जाणार असाल तर नमुना घ्यायच्या आधी जा. घेतल्यावर गेलात तर ती माहिती देणे झाले, विचारणे नाही. सरपंचांच्या घरी चहा घेऊन आलो एवढ्यावर ‘समाजाशी संवाद साधला’ असे लिहू नका. ज्या वस्त्या ग्रामसभेला येत नाहीत तिथे वेगळे जा. किती हाड जाणार ते दाखवा. पन्नास मिलिग्रॅम पूड म्हणजे चिमूटभरही नाही, पण ती काढताना भोक पडते हेही सांगा. एक गोष्ट मात्र कधीही कबूल करू नका: ‘ही माणसे कोणत्या जातीची ते कळेल.’ ते कळत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या जनुकांत आजची जात वाचता येत नाही, आणि हा प्रश्न तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत विचारला जाईल. उत्तर तयार ठेवा आणि तेच उत्तर पत्रकारालाही द्या. हरियाणातल्या राखीगढी या सिंधुसंस्कृतीच्या स्थळावरच्या एका स्त्रीचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या एका व्यक्तीवरून ‘मूळ कोण’ या वादाचा निकाल लावणारे मथळे दोन्ही बाजूंनी आले. तुमच्याकडे तीन-चारच नमुने यशस्वी झाले तर तेच होईल.

राखीगढीचेच उदाहरण आता त्या ४० साठी. तिथे ६० हून अधिक नमुने तपासले आणि वापरण्याजोगा डीएनए एका व्यक्तीत मिळाला; त्या एकीसाठीही शंभरावर लायब्ररी (डीएनए वाचण्यासाठी तयार केलेले संच) कराव्या लागल्या. उष्णता आणि आलटूनपालटून ओल-कोरड, यांत डीएनए झपाट्याने तुटतो. दख्खनचे हवामान याहून दयाळू नाही. त्यात पन्नास वर्षांपूर्वी हाडे पाण्याने धुणे, ब्रशने घासणे, तुटली तर फेव्हिकॉलने जोडणे, वरून शेलॅक (लाख) किंवा पीव्हीए (कृत्रिम डिंक) यांचा थर देणे ही सर्रास पद्धत होती. म्हणजे ४० पैकी ४० नमुने वाया जाण्याची शक्यता खरी आहे. तसे झाले तर तुम्ही ४० माणसांच्या कवट्यांना भोके पाडून काहीही न शिकता परत याल. याला मी अनैतिक म्हणेन, मग सगळ्या परवानग्या फायलीत असोत.

म्हणून क्रम बदला. आधी प्रश्न लिहा आणि तो कोणत्या चाचणीने सुटतो ते पाहा. डीएनए ही बऱ्याचदा पहिली गरज नसते. इनामगावचे उदाहरण घ्या, कारण ते तुमच्या स्थळाच्या जातकुळीतले आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ मध्ये उत्खनन केले आणि दोनशेहून अधिक दफने मिळाली. लहान मुले बहुतेक दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेली. मोठी माणसे खड्ड्यात उताणी, डोके उत्तरेला, आणि पुष्कळांचे पाय घोट्याच्या वर तोडलेले. अशा ठिकाणी ‘पुरलेल्या मुलांत मुली किती आणि मुलगे किती’ हा उत्तम प्रश्न आहे, कारण लहान मुलांच्या हाडांवरून लिंग सांगता येत नाही. पण त्यासाठी डीएनए कशाला? दाताच्या इनॅमलमधली अमेलोजेनिन प्रथिने पृष्ठभागावर सौम्य आम्ल लावून काढता येतात, दात जवळपास जसाच्या तसा राहतो आणि डीएनए संपलेल्या उष्ण प्रदेशातही हे चालते. एका मुलाची कवटी वाचली.

‘ही माणसे बाहेरून आली का’ यासाठी इनॅमलमधले स्ट्रॉन्शियम मोजतात (ते लहानपणच्या गावच्या खडकातून अन्नावाटे दातात येते), १० ते २० मिलिग्रॅम पुरते. पण दख्खनच्या बसाल्टवर एका गावाहून दुसऱ्या गावी आलेला माणूस यात वेगळा दिसणे कठीण. खडकच जवळपास सारखा. कोकण किंवा विदर्भाच्या पूर्वेकडून आलेला कदाचित दिसेल. चाचणी तुमच्या प्रश्नाला उत्तर देऊच शकत नसेल तर ते १० मिलिग्रॅमही जास्त आहेत.

नाते शोधायचे असेल, एकाच घराखालची मुले भावंडे होती का असे काही, तर डीएनएला पर्याय नाही. मग असे करा.

पहिल्यांदा हाड न कापता होणारे सगळे उरकून घ्या: वर्णन, मोजमापे, आजारांच्या खुणा, दातांची झीज, छायाचित्रे, पृष्ठभागाचे त्रिमितीय स्कॅन. पेट्रसला (कानामागच्या हाडाचा आतला दगडासारखा घट्ट भाग) हात लावण्याआधी शक्य तर मायक्रो-सीटी करून घ्या, कारण आतल्या कर्णशंखाचा आकार पुढे कोणाला लागेल सांगता येत नाही. क्ष-किरणांची एकूण मात्रा २०० ग्रे (किरणमात्रेचे एकक) याच्या खूप खाली ठेवा; त्यावर डीएनएला इजा होते. सिलिकॉनचा साचा घ्यायचा मोह टाळा, भुसभुशीत हाडाचा पृष्ठभाग त्याबरोबर सोलून येतो. दातांवरचे कीटण तर अजिबात खरवडून साफ करू नका. त्यात अन्नाचे आणि तोंडातल्या जिवाणूंचे अवशेष असतात. ते मुळात घाणच समजून काढले गेले, हे जुन्या संग्रहांचे मोठे नुकसान.

मग चाळणी. हाडात प्रथिने उरलीत का हे पाहायला काही मिलिग्रॅम पुडीतला नायट्रोजन मोजा. ताज्या हाडात तो ४ टक्क्यांच्या आसपास असतो, ०.७ टक्क्याच्या खाली गेला तर कोलॅजन मिळण्याची आशा कमी, आणि मग डीएनएचीही आशा फारशी धरू नका. ही चाचणी बरगडीच्या तुटक्या तुकड्यावर होते, कवटीची गरज नाही. मात्र वर पीव्हीए किंवा सरसाचा थर नाही ना ते आधी पाहा, नाहीतर तुम्ही डिंकच मोजत बसाल. कार्बन कालमापनातही हाच घोळ होतो: पेट्रोलियमपासून केलेला थर तारीख मागे ढकलतो, प्राणिज सरस ती अलीकडे आणतो. कालमापनाला अर्धा ते एक ग्रॅम हाड लागते, म्हणजे डीएनएच्या दहा ते वीसपट. हा आकडा प्रस्तावात सहसा लपलेला असतो.

चाळणीतून उतरलेल्या प्रौढ व्यक्तींपैकी तीन ते पाच जणांवर प्राथमिक फेरी करा. डीएनए टिकण्याची शक्यता पेट्रसमध्ये सर्वांत जास्त. कवटी आधीच फुटलेली असेल तर सुटा पेट्रस वापरा. अखंड असेल तर कवटीच्या तळाकडून छिद्र घ्या, बाहेरचा भाग शाबूत राहतो. ड्रिल कमी वेगात, थांबून थांबून. हाड तापले की उरलासुरला डीएनएही जातो. पूड ५० मिलिग्रॅमच्या आसपास. दोन्ही बाजू शाबूत असतील तर एकच घ्या आणि दुसरी भविष्यासाठी ठेवा. सांगाडे एकमेकांत मिसळलेले असतील तर सगळीकडे डावाच पेट्रस घ्या, म्हणजे एकाच माणसाला चुकून दोनदा मोजणे आणि दोनदा कापणे टळते. लहान मुलांचा पेट्रस इतका छोटा असतो की नमुना घेताना तो जवळजवळ संपतो. मुलांना पहिल्या फेरीत घेऊ नका.

दात हा दुसरा पर्याय. मुळावरच्या सिमेंटममधून पूड घ्या, वरचा भाग ठेवा, म्हणजे तोच दात समस्थानिकांच्या (वर सांगितलेल्या स्ट्रॉन्शियमसारख्या) चाचणीसाठीही चालतो. ज्या दाताचा दुसऱ्या बाजूचा जोडीदार शाबूत आहे तोच निवडा, आणि किडलेला किंवा आजाराची खूण असलेला दात सोडा.

प्राथमिक फेरीत काहीच आले नाही तर थांबायचे. हे आधीच लिहून ठेवा, कारण अनुदानाचे पैसे उरलेले असले की ‘आणखी पाच बघू’ म्हणणारा कोणीतरी असतोच. अयशस्वी नमुन्यांचे क्रमांकही प्रसिद्ध करा, नाहीतर दहा वर्षांनी दुसरा विद्यार्थी त्याच कवटीची दुसरी बाजू फोडील. २०२१ मध्ये ३१ देशांतल्या ६० हून अधिक संशोधकांनी प्राचीन डीएनएसाठी पाच तत्त्वे मांडली. त्यांत आधी तपशीलवार आराखडा करणे, हानी कमीत कमी ठेवणे आणि विदा (डेटा) पडताळणीसाठी खुली ठेवणे ही आहेतच. अयशस्वी नमुन्यांची यादी मी त्यातच धरतो.

विदा खुली ठेवण्याबाबत एक सावधगिरी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या जनुकसंचाबाबत मला हरकत दिसत नाही. पण अजनाळ्यासारखी प्रकरणे वेगळी. पंजाबात अमृतसरजवळच्या त्या विहिरीतून २०१४ मध्ये १८५७ च्या सैनिकांचे अवशेष निघाले, आणि २०२२ च्या डीएनए व समस्थानिकांच्या अभ्यासात ते गंगेच्या खोऱ्यातले असल्याचे दिसले. अशा सैनिकांचे वंशज आज उत्तर प्रदेश-बिहारात असू शकतात. तिथे कच्ची जनुकीय विदा कोणाला, कशासाठी मिळणार, ते आढावा समितीने ठरवायला हवे. अजनाळ्याचे दुसरे दुखणे असे की उत्खनन स्थानिक लोकांनी भक्तिभावाने, पण तज्ज्ञांशिवाय केले. कोणते हाड कोणाचे हे त्यामुळे कायमचे हरवले. भावना शुद्ध असली तरी हाडे तिथे मिसळायची ती मिसळतातच.

गोव्याचे राणी केतेवानचे अवशेष उलट टोकाचे. जॉर्जियाच्या या राणीला १६२४ मध्ये शिराझमध्ये मारले गेले आणि तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यात आणला. सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत मिळालेल्या हाडावर सीसीएमबीने एकच नेमका प्रश्न विचारला: हे जॉर्जियातले असू शकते का? मायटोकाँड्रियाचा यू१बी हा गट मिळाला, जो भारतीय नमुन्यांत आढळत नाही आणि जॉर्जियात आढळतो. २०२१ मध्ये ते हाड जॉर्जियाला देण्यात आले. प्रश्न अरुंद, नमुना थोडा, दावेदार ठाऊक. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे इतका नेमका प्रश्न लिहिता येतो का ते पाहा. जिथे फक्त ‘लोकसंख्येचा इतिहास’ एवढेच लिहावे लागते ती ओळ तूर्तास खोडा.

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. दफनातले रांजण, मणी आणि हाडे वेगवेगळ्या कपाटांत गेली असतील तर नोंदवहीत ती पुन्हा एकत्र जोडा. त्या माणसांची इच्छा काय होती याचा एकमेव पुरावा म्हणजे त्यांना ज्या रीतीने पुरले ती रीत. आणि प्रयोगशाळेशी करार करताना उरलेली पूड व अर्क परत येण्याची तारीख लिहून घ्या. तारीख नसली तर नमुने कोणाच्या तरी फ्रीजरमध्ये राहतात, तो माणूस निवृत्त होतो आणि डब्यावरचा मार्करचा क्रमांक पुसला जातो.

आता तुम्ही करायचे एवढेच: ४० ची यादी घ्या, मुले आणि थर दिलेली हाडे वगळा, उरलेल्यांच्या बरगडीचा नायट्रोजन तपासायला परवानगी मागा. त्यासाठी पत्र छोटे लागते आणि परवानगी सहसा लवकर मिळते. आकडे आले की ते आणि स्थळाचा ढोबळ काळ इथे टाका. प्राथमिक फेरीसाठी कोणते तीन घ्यायचे ते त्यावरून सांगता येईल.